पारावरचं नाव

खोलाबारी, कात्तिक १०

चि. तुलाराम यास दिदीचे अ. उ. आ.

फोनवर आमा कान लावून बसते, म्हणून आपला भीमे दोह्याला कामावर परत निघालाय, त्याच्याकडे हे पत्र देतेय. तुझी साडी पोचली. आमाला रंग आवडला नाही, तरी नेसून सगळ्या वस्तीला दाखवून आली. दसैंच्या सणाचा दही-तांदळाचा टिळा आम्हाला लावून झाल्यावर तिने नेहमीसारखा दाराच्या चौकटीलाही लावला, मनिदादाचा म्हणून. दादाला नेल्यापासून तिने हे एकदाही चुकवलं नाही, तुला ठाऊकच आहे.

आता ऐक, डोकं नुसतं भणभणतंय माझं. आपल्या वॉर्डाध्यक्षाने, नरबहादुर खड्काने, पिंपळाला नवा पार बांधलाय. त्यावर दगड बसवणार, 'शांतीसाठी प्राण दिलेले', आणि पहिलंच नाव मनिराम परियार. दिले? दादाने कधी दिले रे? घेतले म्हण, मेल्या! ठाणेदाराच्या लग्नात सनई वाजवली, एवढ्यावर तो खबऱ्या ठरला. आपण दमाई, जो बोलावेल त्याच्या मांडवात वाजवणार, लढाई असो नाहीतर काही असो. आणि जंगलातल्या बंडखोरांबरोबर येऊन, पाच मिनिटं बोलायचंय म्हणत, त्याला जेवत्या ताटावरून उठवलं कोणी? ह्याच नरबहादुरने. तेव्हा खांद्याला बंदूक होती, आता छातीवर बिल्ला आहे.

मी बैठकीत बोलले, तर म्हणाला, जौकला, जुनी मढी उकरू नकोस. मढं मिळालं असतं तर उकरलं नसतं होय मी? कायद्याने दलित बाईला वॉर्डात घ्यावंच लागतं, म्हणून खुर्ची मिळाली. चहा अजून वेगळ्या पेल्यात येतो, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवतात. पुढच्या महिन्यात जनसुनावणी, आणि त्याच दिवशी पाराचं उद्घाटन. वाजवायला सांगितलंय आपल्याच वस्तीला! लाज म्हणून नाही. तुझं मत कळव.

उन्हात टोपी घालत जा. दिदीवर माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी दिदी
जौकला


दोहा, कात्तिक २८

ती. दिदीस शि. सा. न. वि. वि.

सदस्यबाईंचा राग पाकिटातूनसुद्धा भाजला मला. भीमे म्हणतो, पत्र आणताना खिसा गरम लागत होता. साडीचा रंग दुकानदाराने निवडला होता, आमाला सांग.

दिदी, चिडू नकोस, पण येऊ दे दगडावर नाव. आपलं शेत अजून दादाच्या नावावर आहे, आणि अध्यक्षाची शिफारस असल्याशिवाय ते आमाच्या नावावर होणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? काठमांडूच्या बेपत्तांच्या आयोगाकडे अर्ज दिला होता आपण. काय आलं हातात? पोचपावती. दादा गेला, त्याच्यामागे शेतही जाऊ द्यायचं का?

मला राग येत नाही असं समजू नकोस. पण मी इथे परांचीवर विटा रचणार आणि तुम्ही दोघी तिथे त्या माणसाच्या शेजारी राहणार. भीती वाटते गं. आमाला तर यातलं काही कळू देऊ नकोस.

आमाच्या पायांवर डोकं ठेवतो. धाकट्यावरचा लोभ कमी करू नये.

तुझा
तुलाराम


खोलाबारी, मंसिर १२

चि. तुलाराम यास अ. उ. आ.

तुझा सल्ला वाचला आणि चुलीत घातला. आमापासून लपवायला ती काय कुकुलं बाळ आहे? मीच तिला सगळं सांगितलं.

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. लोक नळाचं, रस्त्याचं विचारत होते, नरबहादुर गोडगोड उत्तरं देत होता. माझ्या हातात माइक आला तो मी सरळ आमाला दिला. जिल्ह्याहून आलेले साहेब म्हणाले, आजचा विषय विकासाचा आहे. मी म्हटलं, इथे प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यांना आहे, बसा खाली.

आमाने एवढंच विचारलं, की पाच मिनिटं म्हणून नेलास, माझा मनिराम कुठे आहे? तो म्हणाला, आमा, पहिलं नाव त्याचंच घातलंय. आमा म्हणाली, दगडाचं नाही विचारलं, पोराचं विचारलं. मग तेच पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. घाम पुसत तो उद्घाटनासाठी बसवलेल्या आपल्या वाजंत्र्यांवर खेकसला, की बघता काय, वाजवा! रतनकाकांनी सनई उचलली आणि मांडीवर आडवी ठेवली. एकानेही फुंकर मारली नाही की टिपरू उचललं नाही. तेव्हा त्याचा तोल गेला. ओरडला, की म्हातारे, आता विचारून काय मिळणार, त्या वाळूवरून किती पूर गेले!

वाळू म्हणाला तो, तुलाराम. नदीचं नाव तिथे कोणी काढलं नव्हतं, पुरल्याचंही नाही. सगळ्या पटांगणाने ऐकलं. सचिव लिहायचा थांबला होता. मी बोट ठेवून दाखवलं, म्हटलं, इथे लिहा, ते बोलले तसंच्या तसं.

घरी आल्यावर मला वाटलं, आमा आता कोसळणार. ती तांब्या घेऊन दाराशी गेली आणि चौकटीवरचा दादाचा टिळा घासायला लागली. इतक्या वर्षांचा थर, पाण्याने निघेना, तर नखांनी खरवडला. मी हात धरायला गेले, तर म्हणाली, सोड मला, पोराची वाट बघून झाली माझी, आता नरबहादुरने माझी वाट बघावी.

उद्या जिल्ह्याच्या ठाण्यात तक्रार द्यायला निघतोय. रतनकाका आहेत, अर्धी वस्ती आहे. शेत राहिलं तर राहिलं दादाच्या नावावर, त्याचंच आहे ते. भीती वाटत असेल तर वाटू दे, पण ये. पत्रातला लोभ खूप झाला, आता येऊन दाखव.

तुझी दिदी
जौकला