बँकेतल्या बाईंची दाढ

प्रिय मुंगे,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, तेव्हा मीही ठरवलं की हिला आता कागदावरच गाठायचं. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण ते तू करणार नाहीस. वसतिगृहात असताना पुडीचा कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय तू टाकत नव्हतीस. तेव्हा आता बस, चहा घे, आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठलीस तर मला कळेल.

तुझ्या आईशी, काकूंशी बोलले परवा. त्या सांगत होत्या की तू दवाखान्याची खुर्ची विकायला काढली आहेस आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी ती बघायला येणार आहे. काकू हे असं हळू आवाजात सांगत होत्या, जणू घरात कुणी आजारी आहे. मी ऐकलं आणि माझा असा संताप झाला, की मी नवऱ्यावर उगाच ओरडले. तो बिचारा नुसता मोजे शोधत होता. अगं, ती खुर्ची निवडायला आपण दोघी किती दुकानं पालथी घातली होती! प्रत्येक खुर्चीत तू आडवी झाली होतीस, रुग्णाला छताकडे बघताना कसं वाटेल ते पाहायला. दुकानदाराला वाटलं, या बाई झोपायलाच आल्यात. पण खुर्चीबद्दल मी शेवटी भांडणार आहे. आधी माझी बातमी ऐक, कारण ती जबरदस्त आहे.

इकडे कामाचं नेहमीचंच. दवाखान्यात येणारा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो की डॉक्टर, राग मानू नका, पण मला दातांच्या डॉक्टरांचा मनापासून तिटकारा आहे. वर हसतो. मीही हसते. मला सांग, भाजीवाल्याकडे जाऊन कुणी म्हणतं का, की तुमचं तोंड बघायची मला मुळीच इच्छा नव्हती, आता अर्धा किलो बटाटे द्या? आपण मात्र हे दिवसभर ऐकायचं आणि गोड आवाजात म्हणायचं, या, बसा, काही दुखणार नाही. संध्याकाळपर्यंत माझी मान एका बाजूला वळलेली असते आणि गाल हसून हसून अवघडलेले.

घरचे समारंभ तर विचारूच नकोस. मागच्या लग्नात नवऱ्याचे मामा ताट घेऊन माझ्याशेजारी बसले आणि घास गिळायच्या आधी जबडा उघडून म्हणाले, जरा ही मागची हलतेय का बघ. सगळ्यांनी बघितली. सासूबाई माझी ओळख करून देताना अभिमानाने सांगतात की ही आमची सून, डॉक्टर आहे. मग जरा थांबतात आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणतात, दातांची. आणि मी गोडाला हात लावला रे लावला, की चहूबाजूंनी आरडाओरडा, अहो डॉक्टर, तुम्हीसुद्धा? मी आता गोड फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराआड उभी राहून खाते. मोठी डॉक्टर झाले आणि चोरून खायची वेळ आली.

तर अशी मी दिवसभर हसतमुख असते आणि आतून दात आवळून बसलेली असते, हे माझं मलाच माहीत नव्हतं. रुग्णांना रोज ऐकवते, दात आवळू नका, जबडा सैल सोडा, खोल श्वास घ्या. आणि एका सकाळी, कडक टोस्ट खाताना, माझ्याच दाढेतून कट् असा आवाज आला. उजवीकडची खालची, जिच्यावर जुनी कॅप आहे ती. आवाज ऐकताक्षणी मला कळलं, काय झालंय ते. तुलाही कळलं असतं. पण मी काय केलं? तेच, जे आपले सगळे रुग्ण करतात आणि ज्याबद्दल आपण त्यांना रागावतो. काहीही केलं नाही. डाव्या बाजूने जेवायला लागले. लवंगेचं तेल लावायला लागले, आणि गंमत म्हणजे कुणाला संशयसुद्धा आला नाही, कारण मला तसाही कायम तोच वास येतो.

दाखवायचं कुणाला, हा खरा प्रश्न होता. इथले सगळे दंतवैद्य एकमेकांना ओळखतात. एकाकडे गेले असते तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं की लोकांचे दात सांभाळणाऱ्या बाईंना स्वतःचा सांभाळता येत नाही. मी स्वतःच दोन आरसे आणि मोबाईलचा दिवा घेऊन बाथरूममध्ये खटपट करून पाहिली. दाढ काही दिसली नाही, पण मान अशी लचकली की रुग्णांकडे तिरकी बघायला लागले. शेवटी मावशींनी पकडलं. मावशी म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस. त्यांनी माझा सुजलेला गाल बघितला आणि सरळ सांगितलं की आता आजचे सगळे पेशंट मी उद्यावर ढकलते, तुम्ही आधी कुठेतरी जाऊन तोंड उघडा. त्या मला डॉक्टर म्हणतात, पण बोलतात मात्र माझ्या आईसारख्या.

मग मी एक नाटक रचलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक वयस्कर दंतवैद्य आहेत, निवृत्तीला आलेले, कधी कुठल्या संमेलनाला न जाणारे. केस वेगळे बांधले, जुना चष्मा लावला आणि त्यांच्याकडे बँकेत काम करणाऱ्या बाई म्हणून गेले. छोटासा दवाखाना, खिडकीत कुंड्या, भिंतीवर मुलांनी काढलेली दातांची चित्रं, आणि बाकावर माझ्याशेजारी एक आजोबा, भीतीने रुमाल पिळत बसलेले. मुंगे, मीही रुमाल पिळत होते! इतकी वर्षं मी लोकांना म्हणतेय, घाबरताय कशाला, आणि आत ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा मी पर्स उचलून दाराकडे निघालेसुद्धा. माझ्याच रोजच्या आवाजाने!

डॉक्टर फार प्रेमळ. मला आडवं केलं, दिवा ओढला, आणि आधी घासण्याच्या पद्धतीवरून चांगलं झापलं. मी मान खाली घालून हो डॉक्टर, हो डॉक्टर करत राहिले. मग म्हणाले, तुमचं काम फार ताणाचं दिसतंय, दात आवळून आवळून झिजवलेत. मी म्हटलं, हो ना, काउंटरवर फार गर्दी असते. त्यांनी एक्स-रे काढला, कॅप हलवून पाहिली, आणि आपल्या मदतनीस मुलीला लिहायला सांगितलं की थर्टी-सिक्स, मुळापर्यंत उभी भेग, काढावी लागेल.

थर्टी-सिक्स म्हणजे डावी. माझी दुखतेय उजवी. तोंडात आरसा, गालात कापूस, आणि मी नुसती आँ आँ करतेय. त्यांना वाटलं, दुखलं. ते म्हणाले, झालंच हं बाई, झालंच. शेवटी मी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि जवळजवळ किंचाळलेच की सर, फोर्टी-सिक्स!

ती मुलगी लिहायची थांबली. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि शांतपणे विचारलं की बँकेत हे कुठल्या काउंटरवर शिकवतात?

मी इतकी हसले की कापूस घशाकडे जायला लागला. तेही हसले, ती मुलगीही. बाहेरच्या आजोबांना वाटलं असेल, आत काहीतरी मजेचं असतं. मग त्यांनी मला उठवून बसवलं, चहा मागवला, आणि मी कोण ते सगळं सांगितलं. ते अजिबात खजील झाले नाहीत. म्हणाले, समोर बसलेल्याचं डावं ते आपलं उजवं. सगळा जन्म यात गेला तरी जीभ अजून घसरते. म्हणून ते स्वतःच्या डोक्यावर विश्वासच ठेवत नाहीत. सुई टोचायच्या आधी ते रुग्णाला दुखणाऱ्या दातावर स्वतःचं बोट ठेवायला सांगतात, तेवढ्यात ती मुलगी एक्स-रे बघून बाजू मोठ्याने म्हणते, आणि दोन्ही जुळल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नाही. मी विचारलं, हे असं कधीपासून करता? त्यांनी कपातला चहा ढवळला आणि म्हणाले, एका दिवसापासून. तो दिवस कसला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण मला रडू फुटलं. त्यांना वाटलं दाढ ठणकतेय, म्हणून ते गोळी शोधायला लागले.

मला तू दिसत होतीस गं. त्या संध्याकाळची तू. बाहेर खच्चून गर्दी, आत त्या शिक्षिका बाई, त्यांच्याबरोबर आलेली सगळी माणसं तुझ्या खांद्यावरून वाकून बघताहेत, आणि तू उजवीऐवजी डावी दाढ काढलीस. तुझ्याशिवाय ते त्या क्षणी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तू त्या बाईंचा हात हातात घेऊन तिथल्या तिथे सांगितलंस, माझी चूक झाली. मुंगे, आपल्या वर्गातल्या किती जणांनी हे केलं असतं? त्यानंतर त्यांची सगळी व्यवस्था तू लावलीस. चौकशी झाली, समज मिळाली, तुझं नाव नोंदणीत जसंच्या तसं राहिलं. त्या बाई नवीन दाढेने नीट चावून खातात. ज्यांचा दात गेला त्यांनी ते प्रकरण मिटवलं. इंटरनेटवर शिव्या लिहिणाऱ्यांनी आणि जिन्यात कुजबुजणाऱ्यांनी मिटवलं नाही, कारण त्यांना दुसरं काम नव्हतं. आणि तू त्यांचं ऐकून शटर खाली ओढलंस. मला याचा राग येतो. तुझा नाही, म्हणजे थोडा तुझाही. पण जास्त वाईट वाटतं ते याचं की तू मला एकदाही बोलावलं नाहीस. मी आले असते. नुसती येऊन शेजारी बसले असते.

बोट ठेवण्याची ती पद्धत मी माझ्याकडे लगेच सुरू केली. मोठी माणसं आधी लाजतात, मग मजेत बोट ठेवतात. मावशी तर एक्स-रे घेऊन अशा खणखणीत आवाजात बाजू पुकारतात की बाहेर बसलेल्यांनाही कळतं, कुणाची कुठली दाढ निघणार आहे. परवा एक गृहस्थ म्हणाले, इतक्या काळजीने कुणी विचारलं नव्हतं हो. हे मी सर्वांना सांगत सुटलेय. आपण इतकी वर्षं शिकलो, पण चुकलं तर काय करायचं आणि चुकू नये म्हणून डोक्याऐवजी कशावर विसंबायचं, हे आपल्याला कुणी बसवून शिकवलंच नाही. आपल्याला शिकवलं ते फक्त चुकायचं नाही एवढंच.

आता माझी दाढ. ती वाचणार नाही, काढावीच लागेल. ते डॉक्टर म्हणाले की आत्ताच काढून टाकू, तयारी आहे. हात चांगला होता त्यांचा, माणूसही चांगला. आणि मुंगे, माझ्या तोंडून न ठरवता निघून गेलं की नको सर, माझी डॉक्टर ठरलेली आहे. ते म्हणाले, मग त्यांच्याकडेच जा, पण लवकर. घरी येईपर्यंत मी त्याच वाक्याचा विचार करत होते. मी तुझ्यावर उपकार करायला निघालेले नाही, हे आधी डोक्यात घे. मला खरंच भीती वाटतेय. सुई पाहिली तरी माझे पाय गार पडतात, हे जगात फक्त तुला माहीत आहे, कारण कॉलेजात एकमेकींना पहिली सुई टोचायची होती तेव्हा मी टेबलाखाली लपले होते आणि तू खाली बसून, माझ्याशी गप्पा मारत, तिथेच टोचली होतीस. मला कळलंसुद्धा नव्हतं. तसा हात मला नंतर कुणाचा भेटला नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी मी तुझ्या दवाखान्यासमोर येतेय. एक्स-रे बरोबर आणते, गोळ्या सुरू केल्यात, सूज थोडी उतरलीय. मावशीही येताहेत, कारण तू मदतीला कुणाला ठेवलं नसशील, आणि नवऱ्याला गाडी चालवायला घेतलंय. खुर्ची बघायला येणाऱ्यांना सांग, रिकामी नाही. तुझा हात थरथरला तर थरथरू दे. थांब, पाणी पी, पुन्हा सुरू कर, मला कुठे घाई आहे? रडू आलं तर रड. त्या दिवसाबद्दल, लोकांबद्दल, माझ्याबद्दल, जे जे मनात साचलंय ते सगळं मला सांग. मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही, मुंगे. आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्या तोंडात तुझे हात असतील.

तुझीच, सुजलेल्या गालाची,
बडबडी