धामणवाडीत सांगितलेलं आडनाव

८ एप्रिल १९८३, शुक्रवार. लातूर

उद्या पहाटे निघायचं! दुसरा शनिवार आणि रविवार – सलग दोन दिवस सुट्टी. मल्लिकार्जुन आणि मी, दोन सायकली. चाकूरवरून अहमदपूर, तिथे घरी मुक्काम, मग कंधारचा किल्ला. येताना सायकली एस.टी.च्या टपावर टाकायच्या.

मल्लिकार्जुन माझ्या शेजारच्या टेबलाला बसतो. कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत आम्ही दोघेच नवे. जिल्हा नवा, टेबलं नवी, दुष्काळ तेवढा जुना. दिवसभर टँकरचे प्रस्ताव वाचून डोळे शिणतात. बडे बाबू आज ऐकवून गेले, "लोक खडी फोडून राहिले, अन् तुम्ही किल्ले बघत हिंडा." खोटं नाही. तरी जाणार.

चेन सैल झालीय. चढाला उतरते.

९ एप्रिल. अहमदपूर

पासष्ट किलोमीटर! मांड्यांचं लाकूड झालंय आणि तरी मन भरलेलं नाही. चाकूरपर्यंत ऊन चढलं नव्हतं. रस्त्याला दोन्हीकडून जुन्या चिंचा, एक चढ संपला की लांबलचक उतार, कानात नुसता वारा. शेतं मात्र पार उघडी. शिरूरच्या अलीकडे रोजगार हमीच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन थांबल्या आणि आम्हाला बघून हसल्या. कामाशिवाय कोणी एवढं पायडल मारतं, हे त्यांना पटेना.

सायकलवर माणसाला आडनाव नसतं. भेटेल तो एवढंच विचारतो – कुठून आलात, कुठवर जाणार. लातुरात खोली शोधताना सात घरांनी आधी आडनाव विचारलं होतं. ऑफिसातही मी सही नुसती 'व्यं. के.' एवढीच करतो. आज दिवसभर मोकळं वाटलं.

चेन चारदा उतरली.

घरी येताना थोडी धाकधूक होती. मल्लिकार्जुन लिंगायत, आमच्यात जेवेल की नाही! त्यानं आईच्या हातच्या तीन भाकरी हाणल्या आणि वर ठेचा मागून घेतला. आई खूश. बा म्हणाला, "वाटंत धामणवाडी लागती. लिंबाजीला माझा जय भीम सांग. इसरू नको."

लिंबाजीकाकांना कसा विसरेन? अहमदपूरच्या स्टँडापाशी त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दांडीखालून पाय घालून सायकल शिकलो तेव्हा मागून सीट त्यांनीच धरली होती. ही सायकलही त्यांनीच बांधली – भंगारातला सांगाडा, कुठलं चाक, कुठलं हँडल. म्हणाले होते, "पोरगं कॉलेजाला पायी कशाला जाईल?" पैसे घेतले नाहीत. आता डोळे अधू झाल्यामुळे दुकान बंद करून गावी असतात.

१० एप्रिल

कंधार पाहिलं. खंदक कोरडा होता. आज लिहवत नाही.

११ एप्रिल. लातूर

लिहून टाकतो. न लिहिल्यानं ते जाणार थोडंच आहे.

धामणवाडी अकराच्या सुमारास लागली. जवळचं पाणी संपलेलं, घशाला कोरड. रस्त्यालगतच्या ओसरीवरून एका गृहस्थांनी हाक मारली – "पावणं, सावलीला या की." शेषेराव त्यांचं नाव. मी लिंबाजीकाकांचं घर विचारणार होतो. ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कोण्या गावचे? कोणाचे तुम्ही?"

मल्लिकार्जुननं आपलं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. "अन् हे?"

"पाटील," मी म्हणालो.

कोणी दटावलं नव्हतं, कोणी काठी उगारली नव्हती. सोनकांबळे – एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर फार तर काय झालं असतं? ओसरीखाली उभं राहून पाणी प्यावं लागलं असतं. लहानपणी किती वेळा प्यालोय. पण दीड दिवस मी नुसता सायकलवाला होतो, आणि ते सोडवेना.

"कोणते पाटील?"

"अहमदपूरच्या आप्पासाहेबांचा भाचा." बानं आप्पासाहेबांच्या शेतात सालगडी म्हणून बारा वर्षं घातली. त्यांच्या घरची खडान्‌खडा माहिती मला. ती अशी कामाला आली.

"आँ? मग तुम्ही आमचे सोयरेच की!" शेषेराव उठून उभेच राहिले. आत आवाज दिला. आता सोयरा म्हटलं की पाय धुवायला पाणी आलंच. त्यांच्या पत्नी धुरपताबाई भरलेला हंडा घेऊन आल्या. मी नको नको म्हणालो, पण ऐकतात कुठे! विहीर त्यांच्याच मळ्यात आहे, पण आटलेली – दोन तास थांबावं तेव्हा एक हंडा भरतो, हे त्यांनीच सांगितलं. सांगता सांगता तो हंडा आमच्या पायांवर ओतला. पाणी दगडावरून वाहत गेलं आणि मातीनं लगेच पिऊन टाकलं.

मग त्यांनी प्यायला तांब्या पुढे केला. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

विचार करून नाही केली. हात आपोआप गेले. आमच्या हातांना दुसरं ठाऊकच नाही – वरून कोणी ओतायचं, खाली आपण ओंजळ धरायची. बाई क्षणभर थांबल्या. मी हात मागे घेतले, तांब्या घेतला.

त्याच वेळी अंगणात लिंबाजीकाका आले, हातात रिकामी घागर. त्यांच्या वस्तीला याच विहिरीचं पाणी, तेही यांनी ओतून दिलं तर. त्यांना आधी मी दिसलोच नाही. भिंतीला टेकलेली सायकल दिसली. त्यांनी सांगाड्याच्या सांध्यावरून बोटं फिरवली आणि वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा एवढा खुलला!

"अरे, केरबाचं पोरगं न्हवं तू? जय भीम, लेकरा."

मी हातातल्या तांब्यात बघत राहिलो. पाय ओले.

शेषेरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लिंबाजी, हे पाटील हायेत. आमचे सोयरे."

काकांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तांब्याकडे. सगळं समजायला त्यांना वेळ लागला नाही. "चुकलं मालक," ते म्हणाले. "डोळ्याला दिसंना आता. त्यो न्हाई हा."

धुरपताबाई म्हणाल्या, "पाणी पावण्यांना लागलं आज. उद्या ये." काका रिकामी घागर घेऊन गेले. मी बघत बसलो. नंतर जेवलोसुद्धा! पिठलं होतं.

निघालो. पुढे मोठा चढ. चेन उतरेल म्हणून वाट बघत होतो – उतरलीच नाही. उतरून बघितलं, मागचं चाक ओढून घट्ट बसवलेलं. सीटखालच्या पिशवीतला पाना उलटा ठेवलेला. मल्लिकार्जुन म्हणाला, "आपण जेवत होतो तेव्हा म्हातारा चाकापाशी बसला होता." पुढे कंधारपर्यंत त्यानं सायकल माझ्या पुढेच ठेवली.

मला माझी शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

१४ एप्रिल

जयंती. चौकात मिरवणूक, निळे झेंडे. ऑफिसातले आमचे लोक भेटले. जय भीम, जय भीम. मीही म्हणालो. आज म्हणायला काय लागतं? हजार माणसांत कोणीही म्हणेल.

१७ एप्रिल, रविवार

धामणवाडीला जायला निघालो, एकटाच. काकांचे पाय धरायचे, मग शेषेरावांच्या ओसरीसमोर उभं राहून नाव सांगायचं, असं ठरवलं होतं. चाकूरपर्यंत गेलो. हॉटेलात चहा घेतला. परत आलो.

भित्रा.

१९ एप्रिल

बाचं कार्ड. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. सगळी खुशाली, आणि शेवटी – लिंबाजीला जय भीम सांगितलास का, तो काय म्हणाला, कळव.

काय कळवू? चेन घट्ट करून दिली म्हणून कळवू?

२१ एप्रिल

दुपारी डबा खाताना मल्लिकार्जुननं स्वतःहून विषय काढला. त्याचा मेहुणा अहमदपूरच्या मोंढ्यात हमालांचा मुकादम आहे. तिथे धामणवाडीची गोष्ट पोचलीय – कोणीतरी पाटील म्हणून आला आणि पाय धुवून घेऊन गेला.

"बाईला तवाच संशय आला होता," तो म्हणाला. "तुझी ओंजळ बघून. आपण गेल्यावर तांब्या विस्तवातून काढला म्हणे."

मी विचारलं, "तू तिथेच का नाही बोललास?"

"मी काय बोलणार? नाव तुझं." मग डबा बांधता बांधता, "तुझ्या आईच्या भाकरी खाऊन आलो होतो मी. लई वंगाळ वाटलं, व्यंकटी."

मला वाटलं होतं, लाज निदान माझ्यापुरतीच आहे.

२५ एप्रिल, सोमवार

अहमदपूर तहसिलातून आलेल्या गठ्ठ्यात आज तिसराच कागद – मौजे धामणवाडी, बौद्ध वस्ती, टँकर मिळणेबाबत. छापील नमुना, अक्षर तलाठ्याचं. सध्याची सोय: शेषेराव यांची खाजगी विहीर. पाणी बंद झाल्याची तारीख: १० एप्रिल – आम्ही ओसरीवर जेवलो तोच दिवस. घरं बावीस. बंद होण्याचं कारण: माहीत नाही. खाली अर्जदाराची सही, वाकडीतिकडी – लिंबाजी.

माहीत नाही! पंधरा दिवस बावीस घरं पाण्यावाचून, आणि काकांनी सरकारी कागदावरसुद्धा मला झाकलं.

टँकर तातडीनं द्यावा अशी टिपणी लिहिली. खाली आणखी एक ओळ लिहिली – पाणी बंद होण्याचं कारण मला माहीत आहे, ते मी आहे, जबाब द्यायला तयार आहे. एरवी नुसतं 'व्यं. के.' करतो. आज पूर्ण सही केली, व्यंकटी केरबा सोनकांबळे, आणि कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.