सात साक्षी आणि धरणाचं दार

२ मे
नूरदीनने तंबू नदीकाठी ठोकला! धरणाच्या अगदी खाली. गवत तिथंच चांगलं म्हणे. बायको, दोन महिन्यांची लेक, मेंढ्या, सगळं बिऱ्हाड. धाकटा भाऊ, पण ऐकेल तर शपथ. मी थोरली बहीण रागावले तर म्हणतो, "एजे, धरणाच्या दाराचं कुलूप तुझ्याच हातात आहे ना? मग कसली भीती?"

५ मे
कुलूप म्हणजे एक तीनशे अंकी आकडा. दोन मूळ संख्यांचा गुणाकार. आकडा उघड आहे, कोणीही बघावा. पण त्या दोन संख्या ज्याला ठाऊक, त्याचाच हुकूम दार मानतं.

यातली एक संख्या मूळ आहे की नाही, याची परीक्षा आमच्या सैरानबेक साहेबांनी फक्त सात साक्षीदार संख्या लावून घेतली होती; प्रत्येकीशी एक गणित करायचं, उत्तर जुळलं की ती 'मूळ' म्हणून साक्ष देते. आज कळलं. विचारलं तर हसले. "पोरगी देताना आपण सात पिढ्या विचारतो. इथं सातांनी साक्ष दिली. आणखी किती विचारायचं?"

मला हसू आलं नाही.

८ मे
आज ती संख्या मी स्वतः पुन्हा तपासली.

५६१ घ्या. ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार. तरी या परीक्षेत मूळ म्हणून बिनबोभाट पास होतो. असल्या ढोंग्यासाठी सात काय, सातशे साक्षीदार खोटं बोलतील! आमची संख्याही तसलीच, तिघांची मिळून बनलेली. कुलूप तिच्यावरही सुरळीत चालतं, म्हणून चार वर्षं कुणाला संशय नाही.

११ मे
कुलपाचा आकडा फुटला, आतल्या संख्या हाती आल्या. कचेरीतला साधा संगणक, नुसता उघड आकडा दिला, बाकी काही नाही. मला जमलं ते आणखी कुणाला जमलं नसेल कशावरून?

साहेबांना पटेना. शेवटी वैतागून म्हणाले, "मग उघडून दाखव." उद्या दुपारी, सगळ्यांसमोर, वीतभर.

नूरदीनला दुपारपुरतं टेकडीवर जायला सांगितलं. कुरकुरला, पण जाईन म्हणाला.

१२ मे
मी खोटा हुकूम दिला. दार वीतभर उघडलं, पाणी फुसफुसलं, दार मिटलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

नवा आकडा सोमवारी बसणार. तोवर दार जाम करा म्हटलं, तर बर्फ वितळायचे दिवस आहेत, पाणी अडलं तर धरणच जाईल म्हणाले. त्यांचंही खरं आहे.

नूरदीन संध्याकाळी पुन्हा काठावर. वर राहा म्हणून घसा फोडला. "झालं ना तुझं उघडून? आता पोरीला झोपू दे."

१३ मे
आज सकाळी दार उघडलं. वीतभर. मिटलं. दारानं हुकूम अस्सल मानला; दिला कुणी, कचेरीत कुणालाच ठाऊक नाही.

मी तेव्हा घरी पीठ मळत होते.

नूरदीन फोन उचलत नाही.