तुझी दारू सोडवली ते तीन दिवस

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि तू होतास तेव्हा मला लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. आता डोळे अधू झालेत, अक्षरं ओळीबाहेर पळतात, तरी बसलेय. तुला शाळेच्या मागच्या खोलीत कोंडलं त्या तीन दिवसांचं कोणी धड सांगतच नाही. गावात सांगतात ती गोष्ट निराळी आहे, आणि ती ऐकून ऐकून मला वीट आलाय.

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. नवे गुरुजी ब्रह्मपुरीकडून बदलून आले आणि महिन्याभरात त्यांनी पाच जणांची मंडळी जमवली. पगार नाही, पाणी नाही. ज्याला दारू सोडायची त्याच्याजवळ आळीपाळीनं बसायचं, पेज पाजायची, भजन म्हणायचं, एवढंच काम. पाचात बाई मी एकटी. मी का गेले ते तुला माहीत आहे. माझ्या साक्षगंधाच्या दिवशी तू पाहुण्यांच्या पंगतीत आडवा झालास, वरण सांडलंस, आणि ती माणसं हात न धुता गाडी जुंपून निघून गेली. त्यानंतर आपल्या दारी कोणी मुलगी बघायला आलं नाही. आई असती तर तिनं निदान शिव्या दिल्या असत्या. मी शिव्या दिल्या नाहीत, मी मंडळीत नाव दिलं.

शपथेची रीत आपल्या मासेमारांच्या पंचांनी ठरवली होती. कंबरभर पाण्यात उभं राहायचं, खांद्यावर आपलं जाळं घ्यायचं आणि तलावाला सांगायचं की आजपासून थेंब नाही. मोडली तर जाळ्याला हात लावायचा नाही, तलावाच्या मासोळीत वाटा नाही. एक थेंब म्हणजे एक थेंब, त्यात कमी-जास्त नाही. तू पाण्यात उतरलास तेव्हाच थरथरत होतास. लोकांना वाटलं थंडीनं. वीस-पंचवीस वर्षं सकाळी डोळा उघडल्यापासून मोहाची पिणारा माणूस तू, आणि आम्ही सूर्य डोक्यावर यायच्या आत तुला खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

पहिल्या दिवशी तू ओकलास. घामानं घोंगडी भिजली. गुरुजी म्हणाले, "चांगली खूण आहे, विष बाहेर पडतंय." आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तुझे हात इतके हलत होते की पेजेची वाटी मी धरली तरी तुझ्या दातांवर वाजत होती. मग तिसरा दिवस. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलंय आणि तू खोलीच्या मधोमध उभा आहेस. पाय रोवलेत, कंबर वळवतोयस आणि जाळं फेकतोयस. हातात काहीच नाही, पण फेक अगदी तुझी, जुनी, गोल पडणारी. मग हळूहळू ओढतोयस. खाली वाकून घोंगडीतून काही काही वेचतोयस.

"घे माय, मरळ हाय," तू मला म्हणालास. "पदर पसर. झिंगेही हायेत, सांडशील."

मी पदर पसरला. तू त्यात नसलेली मासोळी टाकत राहिलास आणि मी हसत राहिले. दारातून मंडळी बघत होती. एकानं तर टाळीच वाजवली. "कामाची याद आली त्याले! सुटला आता." गुरुजींच्या डोळ्यात पाणी आलं. मासेमाराला मासे दिसले म्हणजे तो माणसात आला, असं आम्ही समजलो, बा. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं, वैद्य बोलावला असता. आपण मासोळीवर जगणारी माणसं, आपल्याला आनंद झाला. दुपारच्या आत तुला झटका आला, दातखीळ बसली, आणि दुसऱ्या झटक्यात तू गेलास. माझा पदर तेव्हाही पसरलेलाच होता की काय, आठवत नाही.

गावानं तुला मोठं केलं. "मेला पण शपथ मोडली नाई." गुरुजी नव्या माणसाला पाण्यात उतरवताना तुझंच सांगायचे, आणि मला शेजारी उभं करायचे. मीही सांगायची. बरं सांगायची म्हणतात. पुढं मी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथं तुझ्यासारखाच एक जण भिंतीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होता. मोठ्या नर्सबाईनं सहज सांगितलं, इतक्या जुन्या पिणाऱ्याची एकदम तोडायची नसते, मरतो माणूस, थोडी थोडी देत उतरवायची असते. मी फडका पिळत होते, तो पिळतच राहिले. गावी जाऊन हे सांगायला हवं होतं. मी गेले नाही. माझ्या मागं त्या खोलीत आणखी दोघांना कोंडलं, त्यातला एक वाचला.

हे कागद कोणाच्या हाती लागायच्या आत मी चुलीत घालणार आहे, म्हणून एवढं एक लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी पहारा माझा होता. आत्या खिडकीशी आली, पदराखाली लोटा. म्हणाली, "देऊन टाक वं त्याले घोटभर. माया भाऊ मरून राह्यला, तुले दिसत नाई काऊन?" मी लोटा घेतला. तुला वास आला आणि तू गुडघ्यावर आलास. "दे माय, एक घोट, तुया पाया पडतो." मी तुझ्यासमोर तो जमिनीवर ओतला. आत्या रडत गेली, मंडळीनं माझी पाठ थोपटली, आणि आजवर मीही सांगत आले की शपथेसाठी ओतला. शपथेचं माझ्या मनातही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागत होतास, हात जोडून मागत होतास, आणि मला ते बरं वाटत होतं. अजून थोडा वेळ मागावंस म्हणून मी सावकाश ओतला.