दाखल्यावरची तारीख

गुरुजी, तुमचा रूळ टेबलावर वाजायचा, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. टक, टक, आणि त्या ठेक्यावर सगळा वर्ग कविता म्हणतोय. वरवट बकालच्या शाळेच्या खिडकीबाहेर गज धरून मी उभा आहे. आत बसायचं वय नाही, पण कविता मात्र आतल्या पोरांआधी माझी पाठ होते. एक दिवस वडील कान धरून न्यायला आले, तेव्हा तुम्ही आतूनच म्हणालात, "राहू द्या त्याले. कविता ऐकाले येते, म्हंजे वय झालं."

"पाच पुरे नाही झाले, गुरुजी. दिवाळीच्या कापूस वेचणीतला जन्म त्याचा."

"मंग कागदावर करू पुरे. एक जून टाकतो. अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी आहे!"

वडील हसले. मी केव्हाच आत जाऊन बसलो होतो.

त्याच तारखेवर शाळा झाली, फौज झाली. बर्फातल्या चौकीवर मी तुमच्या चालीत काही पुटपुटलो की जवान म्हणायचे, "साहब का मंतर शुरू हो गया." ब्रिगेडियर झालो. पुढं मेजर जनरल म्हणून निवडही झाली, फक्त वरची जागा रिकामी व्हायची होती. ती झाली ऑगस्टात, आणि मी मेच्या अखेरीस निवृत्त झालो होतो. फौज दाखला बघते, कापूस वेचणी नाही. खरा जन्म लागला असता तर ऑगस्टात मी नोकरीतच असतो, ती खुर्ची माझी होती.

तेव्हा मी तुम्हाला पत्र लिहिलं. दोनच ओळी. 'तुमच्या एका खोट्या तारखेनं माझी उभी नोकरी उणी राहिली. कविता शिकवल्यात, पण निदान खरं तरी लिहायचं होतं.' पेटीत टाकलं आणि घरी येईतो वाटायला लागलं, काढून घ्यावं. पेटीतून काय निघतं? दोन महिन्यांनी कळलं, तुम्ही गेलात. सांगणारा म्हणाला, शेवटी गुरुजींना दिसतच नव्हतं. गुरुजी, मला बरं वाटलं. तुमचे डोळे गेले याचं मला बरं वाटलं. तुम्ही ते वाचलं नसणार, एवढ्या एका आधारावर मी इतकी वर्षं काढली.

कडी वाजतेय. थांबा जरा.

गुरुजी, तुमची मुलगी आली आहे. धामणगाव बढ्याहून इथं शेगावला दर्शनाला आली, पत्ता विचारत विचारत घर शोधलं म्हणे. केस पार पांढरे, हसणं तुमचं.

"ओळखलं का, दादा? जनरल साहेब सोताच दार उघडतेत का?"

"ब्रिगेडियर," मी म्हणालो.

"तेच ते!" म्हणत ती खुर्चीत टेकली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाबाले दिसेनासं झाल्यावर सारी पत्रं मीच वाचून दाखवत होती. तुमचं बी आलं होतं एक."

पुढं काही बोलायच्या आत मी उठलो. पाणी आणतो म्हणालो. आता आतल्या खोलीत उभ्या उभ्या हे लिहितोय. बाहेरून ती हाक मारतेय, "दादा, विहिरीवर गेले का हो?" पेला कधीचाच भरून ठेवलाय.

मी घाबरलोय, गुरुजी.