देवापुढची चिलीम

किहीम, माघ वद्य चतुर्दशी, शके १८५३

दादाच्या हातातली ती चिलीम काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आम्ही गुरव. देवळातली पूजा माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे. शिवरात्रीला शंकरापुढे गांजाची चिलीम ठेवायची आणि ती गुरवानंच झुरका मारून पेटवायची, ही गावची रीत. त्या रीतीपायीच दादाला गांजाची चटक लागली. गेल्या श्रावणात त्याच पिंडीवर हात ठेवून त्यानं तो सोडला. मग आज काय करणार? माझ्या जिवाला सकाळपासून घोर.

दादानं चिलमीवर निखारा ठेवला आणि पंख्यानं वारा घालत बसला. पाटील खवळले, "अरे, झुरका मार की!"

"पाटील, नैवेद्य आधी चाखतो का आपण? देवाला उष्टं देऊ व्हय?"

इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?

पण पाटील कसले ऐकतात! आरतीनंतर त्यांनी तीच चिलीम दादापुढे धरली. "आता परसाद हाय. परसादाला न्हाय म्हनतोस?"

प्रसाद नाकारायचा तरी कसा? दादानं चिलीम दोन्ही हातांत घेतली. डोळे मिटून त्यानं ती कपाळाला लावली आणि शेजारच्याला दिली.

मला नसतं जमलं.

घरी आल्यावर वहिनी तांब्या घेऊन दारात उभी. दादानं आधी तळहात नाकाशी नेला, क्षणभर तिथंच ठेवला. मग हात पुढे करून म्हणाला, "घाल पाणी."