चंद्री आत्याचं पाचक ताक

गोजरे,

तुह्या थोरल्या बहिणीचा, भागिरथेचा, तुले आन् देवमनबुवाले जय भीम. इकडे सारे ठीक. हरभरा घरात आला, नळाले पाणी आलं नाही, म्हणजे काही बदललं नाही. तुह्या गुडघ्याचं विचारत नाही, ते विचारलं का तू थांबत नाही. पोटाचं मात्र विचारतो. पोट कसं हाये? खरं सांगजो. (काहून विचारतो ते खाली येईल. मधातच फोन लावू नको. तू फोन स्पीकरवर ठेवते आन् बुवा कान देऊन बसतात, म्हणून तं हे पत्र तुह्या गावाले जाणाऱ्या ललिताबाईच्या हाती देऊन राह्यली.)

माह्या बिस्कुटाच्या डब्यातले कागद तुले माहीत हायेत. साक्षरता वर्गात लिवणं शिकली तवापासून जे भेटलं त्याच्यावर सैपाकाचं लिवलं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर सरगुंडे, कॅलेंडरच्या पानावर रोडगे, एसटीच्या तिकिटावर ठेचा. काही कोठीवर खडूनं लिवलं, काही गादीखाली हाये. सूनबाई पौर्णिमा एक दिवस डोळ्यात पाणी आणून म्हणे, आई, तुमी गेल्यावर आमी काय खाऊ? मी म्हटलं, भाकर खाजा. तं हे ऐकून नात स्नेहानं मोबाईलमध्ये सैपाकाचं ॲप घेतलं. कागदाचा फोटो काढला का ते वाचते, गोड-तिखट निवडते, नीट लावून ठेवते. त्याले स्वतःचा मेंदू हाये म्हणतात. असेल. सारं माहीत आन् चुलीजवळ कधी गेलं नाही, असे मेंदू आपल्या घरात आधीच दोन हायेत. (पण खोटं काहून बोलू, अक्षर बाकी त्यानं माह्यं वाचलं. वर्गातल्या मास्तरले जमलं नव्हतं.)

आता त्या डब्यात सैपाकासोबत ढोराची दवाही राह्यते, कारण डबा एकच होता. चंद्रीचं पोट फुगलं तवा तुह्याच नवऱ्यानं, देवमनबुवानं, सांगितलेली दवा मी लिवून ठेवली होती : ‘चंद्रीसाठी. ताक, ओवा, हिंग, काळं मीठ. पोट उतरते.’ म्हैस म्हणून लिवलं नाही. घरात दुसरी चंद्री कोण होती, का लिवून ठेवावं? पण पौर्णिमा या घरात आली तवा चंद्री विकून झाली होती, आन् ॲप तं त्याच्याही मागून आलं. त्यानं चंद्रीले घरातली बाई धरली, वर नाव टाकलं ‘चंद्री आत्याचं पाचक ताक’, गिलासात पुदिन्याच्या पानाचं चित्र काढलं आन् एका म्हशीची दवा दहा माणसाले पुरते म्हणून लिवलं. (हिशेब बरोबर हाये, हे मानावं लागते.)

स्नेहाले पाहायले अश्वजितच्या घरचे आले तवा तू होतीच. त्याचे वडील, ते रिटायर गुरुजी, कसे बसले होते तू पाह्यलं. पोहे झाले, बुंदी झाली, तोंडावरची सुरकुती हलली नाही. पोरीले पोरगा पसंत, पोराले पोरगी पसंत, आन् मधात हा डोंगर. माह्या मनात आलं, गेलं हे सोयरपण. तेवढ्यात पौर्णिमानं ते ताक आणलं. तू दोन गिलास पेली आन् एसटीसाठी पळाली. (आता समजलं पोटाचं काहून विचारलं?)

तू गेल्यावर गुरुजीनं ढेकर दिला. गोजरे, ढेकर म्हणजे असा का बाहेर बांधलेली बकरी उठून उभी राह्यली. मग माणूस जो हसला! म्हणे, किती वर्साचं पोट आज मोकळं झालं, साक्षगंधाची तारीख काढा. मग म्हणे, या चंद्री आत्या कुठं असतात? नाव ऐकलं तवा मले उमगलं, हे तं म्हशीची दवा. सारं घर माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं, स्नेहा तं पापणी हलवत नव्हती. मी म्हटलं, आता नाही आपल्यात. लय गुणाची होती, घराले दोन्ही टाइम भरभरून दिलं तिनं, कधी लाथ मारली नाही. गुरुजीचे डोळे भरले. म्हणे, साक्षगंधाले ताकाच्या टेबलावर त्याईचा फोटो पाह्यजे, हार मी स्वतः आणतो.

बाकी तू साक्षगंधाले चार दिवस आधी ये. गुडघा संग आण, घरी ठेवून कोण सांभाळणार?

तुही बहीण,
भागिरथा

ता. क. : खरं काम राह्यलंच. तुह्या चुलत सासूचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो ललिताबाईजवळ देजो. तोंड फार दिसत नाही, म्हणून बरा.

आणखी ता. क. : चुलत सासू राहू दे. स्नेहानं पाठीमागं उभं राहून पत्र वाचलं आन् पोट धरून हसली. पाहुणे गेल्यावर चंद्री कोण ते मी तिले सांगितलं, तं तिनं त्याच सांजेले अश्वजितले सारं सांगितलं होतं, त्यानं बापाले. तिसऱ्या दिवशी गुरुजीचा स्नेहाले निरोप आला : आत्या असो का म्हैस, उपकार ते उपकार, फोटो पाह्यजेच. तं मंगरूळच्या ढोराच्या प्रदर्शनातला तो फोटो पाठव, ज्याच्यात चंद्रीचा दोर धरून देवमनबुवा उभे हायेत. पण बुवाले कापून पाठव. हार एकच येणार हाये, आन् गुरुजीचा चष्मा लय जाड हाये.